जिभेच्या छायाचित्रावरून संगणकीय निदान : 98 टक्के नेमके कशाचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : जिभेचे छायाचित्र पाहून संगणक मधुमेहापासून रक्तक्षयापर्यंतचे आजार 98 टक्के अचूकतेने ओळखतो, अशी बातमी 2024 मध्ये आपल्याकडेही बरीच फिरली. पारंपरिक चिनी वैद्यकातील जिह्वापरीक्षेवर आधारलेली ही पद्धत प्रत्यक्षात चालते कशी, तिच्यावर किती भिस्त ठेवावी, आणि तीच आयुर्वेदातील जिह्वापरीक्षेला लावून अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी वैद्य नाही. वैद्यकीय प्रतिमांचे विश्लेषण आणि रंगमापन हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे चिनी वैद्यकाचे सिद्धान्त ग्राह्य की अग्राह्य या वादात न शिरता, यंत्र काय मोजते आणि त्या मोजमापाची पडताळणी कशाशी केली जाते, एवढ्याच अंगाने मी उत्तर देतो.

प्रथम ती बातमी. बगदादमधील मिडल टेक्निकल युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांच्या कामावर ती आधारलेली होती. त्यांनी 5,260 प्रतिमा वापरून यंत्रप्रशिक्षणाच्या सहा पद्धतींची तुलना केली आणि एक्सजीबूस्ट या पद्धतीची अचूकता 98 टक्क्यांहून किंचित अधिक आली. मात्र या प्रतिमा लाल, पिवळा, पांढरा, गुलाबी अशा सात रंगगटांत विभागलेल्या होत्या. म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न ‘या प्रतिमेचा रंग कोणता?’ असा होता आणि 98 टक्के हे त्या प्रश्नाच्या उत्तराचे गुण होते. पिवळी जीभ म्हणजे मधुमेह, पांढरी म्हणजे रक्तक्षय, हा पुढचा दुवा आधीपासून सांगितल्या जाणाऱ्या जोड्यांवरून घेतलेला होता, आणि रुग्णालयांतून आलेल्या छायाचित्रांवरची चाचणी अवघ्या 60 प्रतिमांची होती. संशोधकांनी काही लपवले असे मी म्हणत नाही. रंगगट ओळखण्याची टक्केवारी बातमीत येईपर्यंत रोग ओळखण्याची टक्केवारी झाली, इतकेच. या क्षेत्रातील कोणताही आकडा समोर आला की तो कशाशी जुळल्याचा आकडा आहे, हे आधी विचारावे. पुढचे सारे विवेचन मी याच प्रश्नाच्या आधाराने करणार आहे.

चिनी वैद्य जिभेवर काय पाहतो, हे ठाऊक असल्याशिवाय यंत्राचे काम कळणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वा तिसऱ्याच्या आरंभी झांग झोंगजिंग याने रचलेल्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात जिभेवरील थराचा उल्लेख येतो, पण जिह्वापरीक्षेला स्वतंत्र स्थान मिळाले ते पुढे. युआन राजवटीत, 1341 मध्ये, डू छिंगबी याने एका जुन्या संग्रहातील 12 जिह्वाचित्रांत भर घालून 36 चित्रांचा ग्रंथ सिद्ध केला. 1668 मध्ये झांग डेंग याच्या ग्रंथात चित्रांची संख्या 120 झाली. रंग आणि पोत केवळ शब्दांनी सांगून भागत नाही, ही जाणीव त्या वैद्यांना होती असे या चित्रांवरून दिसते, आणि एका अर्थाने आजचे प्रतिमासंच हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे. अठराव्या शतकात ये त्यानशी आणि त्याच्या परंपरेतील वैद्यांनी तापाचा आजार शरीरात किती खोल गेला आहे हे ठरवण्यासाठी जिभेच्या बदलत्या रंगाचा पद्धतशीर उपयोग केला.

या परीक्षेत दोन गोष्टी वेगळ्या पाहिल्या जातात. एक म्हणजे जिभेचे मूळ अंग : ते फिकट, फिकट लाल, लाल, गडद किरमिजी की जांभळट आहे, सुजलेले की कृश, कडेला दातांच्या खुणा आहेत का, पृष्ठभागावर भेगा वा लाल ठिपके आहेत का. दुसरी गोष्ट म्हणजे वरचा थर : तो पांढरा, पिवळा की करडा-काळा; पातळ की जाड; कोरडा, ओलसर की तेलकट-चिकट; सलग की मधूनमधून सोललेला. फिकट लाल अंग आणि त्यावर पातळ पांढरा थर ही निरोगी जीभ मानली जाते. याशिवाय टोकाचा भाग हृदय-फुप्फुसांचा, कडा यकृत-पित्ताशयाच्या, मध्य प्लीहा-जठराचा आणि मूळ मूत्रपिंडांचे, असा नकाशा परंपरेत आहे. जिभेखालच्या शिराही पाहतात. आधुनिक शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर थर म्हणजे जिभेवरील तंतूसारख्या अंकुरांचे कठीण झालेले आवरण, सुटलेल्या पेशी, जिवाणू आणि अन्नकण. आणि अंगाचा रंग मुख्यतः पृष्ठभागाखालील रक्तवाहिन्यांतील हिमोग्लोबिनचा.

आता यंत्राकडे वळू. सर्वांचे लक्ष न्यूरल नेटवर्ककडे असते, पण माझ्या मते या विषयातील निम्म्याहून अधिक अडचणी छायाचित्र घेतानाच निर्माण होतात आणि नंतरच्या कोणत्याही गणिताने त्या पुऱ्या भरून निघत नाहीत. फिकट लाल आणि लाल यांतला फरक पाहण्यासाठी जो रंग मोजायचा, तो जिभेचा, उजेडाचा आणि कॅमेऱ्याचा मिळून बनलेला असतो. पिवळ्या दिव्याचे रंगतापमान सुमारे 2,700 ते 3,000 केल्विन असते, तर दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळणाऱ्या एलईडी दिव्याचे 6,500 केल्विन. एकाच माणसाची जीभ पहिल्याखाली पिवळा थर असलेली आणि दुसऱ्याखाली फिकट दिसू शकते. मोबाइलचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स (पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून केलेली रंगजुळणी) आपणहून बदलतो, आणि चौकट जिभेने भरलेली असली की ‘दृश्य फारच लाल आहे’ असे समजून तो नेमका तोच लाल रंग कमी करतो, जो आपल्याला मोजायचा असतो. अनेक मोबाइलमध्ये त्वचा उजळ करणारी सोय न विचारता चालू असते, ती वेगळीच. सीआयई-लॅब या रंगपद्धतीत शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतील फरक डोळ्याला जाणवण्यास साधारण 2 ते 3 एकके पुरतात. अनियंत्रित उजेडात आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत एकाच पृष्ठभागाचे मोजमाप याच्या कितीतरी पट इकडेतिकडे होते.

या अडचणीवरचा सर्वपरिचित उपाय म्हणजे रंगपट्टी. 24 चौकोनांची प्रमाणित पट्टी त्याच उजेडात टिपायची, तिच्या ज्ञात रंगांशी मिळालेले रंग ताडून दुरुस्तीचे समीकरण काढायचे आणि ते जिभेच्या प्रतिमेला लावायचे. हे आवश्यकच आहे, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की त्या पट्टीवरील अनेक चौकोन जिभेवर कधीही न दिसणाऱ्या हिरव्या-निळ्या रंगांचे असतात, त्यामुळे समीकरण जिथे सर्वांत नेमके हवे त्या लाल-गुलाबी पट्ट्यातच त्याला आधार कमी मिळतो. हाँगकाँग पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीतील डेव्हिड झांग यांच्या गटाने म्हणूनच जिभेच्या रंगकक्षेवर बेतलेली खास पट्टी तयार केली. दुसरा खळगा अधिक खोल आहे. छापील पट्टीचा लाल रंग रंगद्रव्याचा असतो आणि जिभेचा लाल हिमोग्लोबिनचा. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन सुमारे 542 आणि 577 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश विशेषत्वाने शोषते, तसे पट्टीवरील रंगद्रव्य शोषत नाही. म्हणून एका दिव्याखाली सारखे दिसणारे हे दोन लाल दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. स्वस्त एलईडी दिव्यांत गडद लाल रंगाचे दर्शन विशेष दुबळे असते. आणि वेष्टनावरील सीआरआय (दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात याचा निर्देशांक) हा आकडा पहिल्या आठ नमुना-रंगांच्या सरासरीचा असल्याने, गडद लाल रंगासाठीचा आर-9 हा निर्देशांक त्यात मोजलाच जात नाही. दिवा विकत घेताना हा आकडा विक्रेत्याकडे स्वतंत्र मागावा लागतो.

जीभ ओली असते, ही तिसरी गोष्ट. लाळेवरून उजेड परावर्तित होऊन जे पांढरे चकाकते ठिपके दिसतात, त्यांना नवशिके प्रारूप (उदाहरणांवरून शिकवलेले मॉडेल) पांढरा थर समजते. जपानमधील चिबा युनिव्हर्सिटीत विकसित झालेल्या उपकरणात यासाठी आतून पांढरा असा प्रकाश-गोल वापरला आहे, ज्यामुळे उजेड सर्व दिशांनी सारखा पडतो. दिवा आणि भिंग यांवर परस्परांना काटकोनात ध्रुवण-गाळण्या (पोलरायझिंग फिल्टर) लावणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे. जीभ किती वेळ आणि किती ताणून बाहेर काढली, यानेही रंग व आकार बदलतो, म्हणून ती सैल, सपाट आणि काही सेकंदच बाहेर ठेवण्याची सूचना रुग्णाला द्यावी लागते. या सर्व बाबींचे महत्त्व ओळखून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने संगणकीय जिह्वा-प्रतिमा विश्लेषण प्रणालींसाठी आयएसओ 20498 ही मानकमालिका काढली आणि तिच्या प्रकाशविषयक भागाला 2017 मध्येच रूप दिले. या मालिकेत प्रकाशयोजना आणि रंगपट्टी यांना स्वतंत्र भाग दिलेले आहेत, ही गोष्ट प्रकल्प आखताना ध्यानात ठेवावी.

छायाचित्रातून जीभ वेगळी काढणे हा टप्पा आता बव्हंशी सुटला आहे. ओठ आणि जीभ यांचे रंग जवळचे असल्यामुळे केवळ रंगावरून सीमा सापडत नाही. म्हणून 2005 च्या सुमारास हार्बिन आणि हाँगकाँग येथील संशोधकांनी दोन लंबवर्तुळांच्या तुकड्यांपासून बनवलेला, प्रतिमेनुसार वाकणारा साचा सुचवला होता. 2015 मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून आलेल्या यू-नेट या जालरचनेनंतर काही शे हाताने रेखलेल्या प्रतिमांवर शिकवूनही चांगली सीमा मिळते. या टप्प्यावर फार वेळ घालवू नये.

गुणवैशिष्ट्ये काढण्याच्या टप्प्यात मात्र सर्व लक्षणे सारखी सोपी नाहीत, आणि कोणते लक्षण यंत्राच्या स्वभावाला मानवते हे पाहूनच निवड करावी. दातांच्या खुणा, भेगा आणि सोललेले चट्टे ही आकाराची लक्षणे आहेत. उजेडातील थोडाफार बदल ती सहन करतात. (वैद्यकीयदृष्ट्या त्यांनाही मर्यादा आहेत : ज्याला दातच उरले नाहीत अशा वृद्धाच्या जिभेवर दातांची खूण यायची कुठून?) थराचे क्षेत्रफळ बऱ्यापैकी मोजता येते, पण थर आणि अंग यांच्यामध्ये स्पष्ट रेषा नसते; पातळ थरातून खालचा लाल रंग झिरपून दिसतो, आणि प्रत्येक बिंदूचा रंग हे दोघांचे मिश्रण असते. थर तेलकट-चिकट आहे हे वैद्य दाणेदारपणा, चमक आणि दाटपणा यांवरून ठरवतो. पोत मोजण्याच्या जुन्या पद्धती असोत वा खोल न्यूरल जाळी, येथे प्रतिमेची स्पष्टता आणि फाइल लहान करण्यासाठी केलेले संकोचन यांचा निकालावर मोठा परिणाम होतो, कारण मोबाइलवरील संदेशसेवेतून आलेल्या छायाचित्रात नेमका हाच बारीक पोत पुसला गेलेला असतो. अंगाचा रंग हे परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे लक्षण, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे मोजायला तेच सर्वांत अवघड.

यानंतर येतो तो मुद्दा, ज्याला शोधनिबंधांत बहुधा एका परिच्छेदात गुंडाळले जाते : यंत्राला शिकवताना ‘बरोबर उत्तर’ म्हणून जे दिले जाते, ते येते कोठून? ते वैद्यांकडून येते, आणि वैद्यांमध्ये मतभेद असतात. सिडनी येथे झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी वैद्यकाच्या व्यावसायिकांना जिभेची तीच छायाचित्रे दाखवली असता अनेक लक्षणांबाबत त्यांच्यातील परस्पर-सहमती कमी आढळली. सहमती मोजतानाही सावध राहावे लागते. समजा, दोन वैद्य प्रत्येकी 80 टक्के जिभांना ‘पातळ थर’ म्हणतात. मग डोळे मिटून उत्तरे दिली तरी त्यांची 68 टक्के वेळा सहमती होईल, कारण 0.8 चा वर्ग आणि 0.2 चा वर्ग यांची बेरीज 0.68 येते. प्रत्यक्ष सहमती 76 टक्के दिसली, तर योगायोगाच्या पलीकडची सहमती, जिला कापा असे म्हणतात, केवळ 0.25 भरते. ज्या लक्षणावर दोन जाणकारांचीच सहमती इतकी तोकडी आहे, त्यावर एखादे प्रारूप 95 टक्के अचूकता दाखवीत असेल, तर ते बहुधा एका विशिष्ट वैद्याची सवय शिकलेले असते. तेही निरुपयोगी नाही, पण त्याला निदान म्हणता येत नाही.

लक्षणांच्या पुढे जाऊन ‘प्लीहेतील ची (जीवनशक्ती) दुर्बल’ किंवा ‘आर्द्र-उष्णता’ असे चिनी वैद्यकातील विकारबंध ओळखण्याचा दावा केला जातो, तेव्हा आणखी एक पेच उभा राहतो. चिनी वैद्यकात पाहणे, ऐकणे-हुंगणे, विचारणे आणि नाडी-स्पर्श या चारही परीक्षा एकत्र करून विकारबंध ठरतो. म्हणजे वैद्याने जे नाव दिले, त्यात त्याने पाहिलेली जीभही आधीच मिसळलेली असते. त्याच जिभेच्या छायाचित्रावरून यंत्राने तेच नाव सांगितले, तर जिभेत शरीरातील अवस्थेची माहिती आहे हे सिद्ध होत नाही; वैद्याने नियम पाळला एवढेच सिद्ध होते. या वर्तुळातून बाहेर पडायचे असेल तर ताडून पाहण्याची कसोटी जिभेपासून स्वतंत्र हवी : रक्तातील हिमोग्लोबिन, एन्डोस्कोपी, ऊतिपरीक्षा (बायोप्सी), किंवा उपचारानंतरचा मोजता येणारा बदल.

अशी स्वतंत्र कसोटी वापरणारी कामे आता होऊ लागली आहेत, आणि मला ती अधिक आश्वासक वाटतात. 2023 मध्ये चीनमधील अनेक रुग्णालयांना सोबत घेऊन जठराच्या कर्करोगासंबंधी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जिभेच्या प्रतिमा आणि जिभेवरील सूक्ष्मजीव या दोहोंचा विचार होता. तरीही अशा निकालाचा अर्थ चाळणी-चाचणीच्या (स्क्रीनिंगच्या) संदर्भात लावताना साधे गणित करावे. समजा, चाचणी 90 टक्के रुग्णांना बरोबर पकडते आणि 90 टक्के निरोगींना बरोबर सोडते. 2,000 लोकांत 10 रुग्ण असतील, तर 9 रुग्ण सापडतील आणि त्यांच्यासोबत 199 निरोगी माणसेही संशयित ठरतील; म्हणजे धोक्याची सूचना मिळालेल्या साधारण 23 जणांत एक खरा रुग्ण. पुढे एन्डोस्कोपी होणार असेल तर हे कदाचित चालेल. मोबाइलवर एकट्याने निकाल वाचणाऱ्याला हे सांगितलेच जात नाही.

निबंध वाचताना दोन चुका शोधाव्यात. एकाच व्यक्तीची अनेक छायाचित्रे प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही गटांत विखुरलेली असतील, तर यंत्र आजार सोडून माणूस ओळखते. विभागणी छायाचित्रांची केली की व्यक्तींची, हे तपासावे. आणि रुग्णांची छायाचित्रे रुग्णालयात, निरोगींची महाविद्यालयात घेतली असतील, तर यंत्र भिंतीचा रंग आणि ट्यूबलाइट शिकू शकते. चाचणीसाठी दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कॅमेऱ्याचा संच वापरला आहे का, हे एका नजरेत निबंधाची पत सांगते.

आता आयुर्वेदाविषयी. योगरत्नाकर या आयुर्वेदग्रंथात सांगितलेल्या अष्टस्थान (आठ गोष्टींच्या) परीक्षेत जिह्वा आहेच आणि साम-निराम अवस्था, म्हणजे शरीरात न पचलेला आम आहे की नाही, हे ठरवताना आपले वैद्य जिभेवरील थर पाहतात, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु चिनी प्रतिमासंचावर शिकवलेले प्रारूप उचलून त्याच्या उत्तरांना वात, पित्त, कफ अशी नावे देणे ही फसवणूक ठरेल, कारण त्या संचातील नावे वेगळ्या शास्त्राच्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जीभ वेगळी काढण्याचा भाग घेता येईल. बाकीचे येथेच उभारावे लागेल. इथल्या सवयीही हिशेबात घ्याव्या लागतील. दात घासताना जीभही घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि आयुर्वेदाच्या दिनचर्येत तर ती सांगितलेलीच आहे. सकाळी दहा वाजता घेतलेल्या छायाचित्रातला ‘पातळ थर’ हा मग प्रकृतीचा की घासणीचा? कात घातलेला विडा, तंबाखू, हळदीचे दूध, बाजारातली रंगीत गोळी, लोहाची काही औषधे यांनी जीभ रंगते. चिनी परंपरेलाही असा रंगलेला थर माहीत आहे आणि वैद्य त्यासाठी रुग्णाला आधी विचारतो. प्रत्येक छायाचित्रासोबत शेवटचे खाणे-पिणे, जीभ घासल्याची वेळ, तंबाखू आणि चालू औषधे यांची नोंद नसेल तर तो संच गोळा करण्यात अर्थ नाही.

माझी सूचना अशी. रोगाचे नाव सांगणारा प्रकल्प घेऊ नका. थराने जिभेचा किती भाग व्यापला आहे, किंवा कडेला दातांच्या खुणा आहेत का, यांपैकी एकच लक्षण घ्या. एक साधी पेटी, आर-9 चांगला असलेला दिवा, रंगपट्टी आणि कॅमेऱ्याची सर्व स्वयंचलित जुळणी बंद, एवढी तयारी करा. पहिला प्रयोग यंत्राचा करा : त्याच व्यक्तीची जीभ पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा टिपून मोजमाप किती जुळते ते पाहा, आणि ते जुळल्याखेरीज पुढे जाऊ नका. मग परस्परांची उत्तरे न पाहता खुणा करणारे किमान तीन वैद्य मिळवा आणि त्यांच्यातील कापा आधी काढा. यंत्राच्या यशाची वरची मर्यादा तेथेच ठरते. एकाच रुग्णातील आठवड्यागणिक बदल टिपणे हा मला या सर्व तंत्राचा सर्वांत फलदायी उपयोग वाटतो, कारण तेथे माणूस, जीभ आणि पेटी तीच राहते व तुलना त्याच्या स्वतःशीच होते. वैद्याला मागच्या खेपेची जीभ आठवणीवर विसंबून न ठेवता समोर पाहायला मिळते.

रुग्णांची लेखी संमती आणि महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मान्यता छायाचित्रे घेण्यापूर्वी मिळवा. चेहरा चौकटीत येणार नाही अशीच पेटी बनवा. आणि पुढे हे ॲप म्हणून लोकांना द्यायचा विचार असेल, तर 2020 पासून भारतात निदानासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते आणि त्याला 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. त्यामुळे ‘थर 40 टक्के भागावर आहे’ असे सांगणे आणि ‘आपल्याला अमुक आजार आहे’ असे सांगणे यांत कायद्याच्या दृष्टीनेही मोठे अंतर आहे.